घरात नैसर्गिक दगडाची फायरप्लेस: पायापासून पहिल्या जाळापर्यंत

वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या जवळजवळ दर हिवाळ्यात येतात. महाबळेश्वर, पाचगणी, तापोळ्याच्या वाटेवरची गावं या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री खरोखर बोचऱ्या असतात. इंग्रजांनी 1828-29च्या सुमारास महाबळेश्वरात वस्ती केली, तेव्हा आपल्या बंगल्यांत शेकायची सोयही ते घेऊन आले. आज तिथे किंवा अशाच थंड, उंच जागी स्वतःचं घर बांधताना दगडी फायरप्लेस हवी असं वाटणाऱ्या, पण बांधकामाचा अनुभव नसलेल्या माणसासाठी हा लेख आहे. सगळं काम स्वतःच्या हाताने करणार असाल तरी आणि मिस्त्रीकडून करून घेणार असाल तरी आतली मापं तुम्हाला कळलीच पाहिजेत. आपल्याकडे काळ्या दगडात उत्तम काम करणारे गवंडी मिळतात, पण फायरप्लेस बांधलेला गवंडी क्वचित भेटतो.

एक गोष्ट मनात पक्की करून मगच कामाला लागा. फायरप्लेसमध्ये दगड हे बाहेरचं अंग आहे. आग सांभाळते ती आतली अग्निविटांची भिंत आणि धूर ओढतं ते वरचं धुराडं. दगड सुंदर बसला आणि धुराडं चुकलं, तर ती भिंत पुढे फोटो काढण्यापुरतीच उरते.

कुठे बांधायची, कुठे नाही

जमिनीवरच्या मजल्यावरच बांधा. पुढे दिलेल्या मापांची फायरप्लेस, धुराडं न धरताही, सहज पाच-सहा टनांची होते. हे वजन स्लॅबवर किंवा नुसत्या फरशीवर टाकता येत नाही. फ्लॅटमध्ये हा विचारच सोडून द्या.

जुन्या घरात बांधायची असेल तर नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी लागेल का, हे आधी विचारा. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर 2001 साली आणि माथेरान 2003 साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आहे. तिथे बांधकामावर, झाडतोडीवर आणि दगड काढण्यावर कडक नियम आहेत. दगड परवानाधारक खाणीतून, वाहतुकीच्या पाससह घ्या. ओढ्यातून किंवा डोंगरातून उचलून आणू नका.

जागा शक्यतो घराच्या आतल्या भिंतीलगत निवडा. बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं धुराडं तिन्ही बाजूंनी थंड राहतं आणि थंड धुराडं धूर ओढायला कुरकुर करतं. छताचा उंच भाग, म्हणजे आढ्याजवळची जागा, सगळ्यात चांगली. तिथे धुराड्याचा बराचसा भाग घराच्या उबेत राहतो आणि छपराबाहेर कमी काढावा लागतो.

हेही स्पष्ट सांगायला हवं की उघड्या फायरप्लेसची बहुतेक ऊब धुराड्यातून वर निघून जाते. समोर बसणाऱ्याला शेक मिळतो, सगळं घर तापत नाही. घर तापवायचं असेल तर दारं असलेली बंद लोखंडी शेगडी जास्त कामाची. पण समोर बसून शेकायचं असेल, तर आतला आकार नीट साधून उघडी फायरप्लेससुद्धा पुष्कळ ऊब देते.

आतला आकार

बेंजामिन थॉम्पसन, म्हणजे काउंट रमफर्ड, या शास्त्रज्ञाने 1796 मध्ये फायरप्लेसवर निबंध लिहिला. लंडनमधल्या तेव्हाच्या फायरप्लेस खोल, चौकोनी आणि धुराने भरलेल्या असत. त्याने त्यांची खोली कमी केली, बाजूच्या भिंती तिरप्या केल्या आणि धूर वर जायची वाट अरुंद केली. तिरप्या भिंती उष्णता समोर खोलीत फेकतात आणि अरुंद वाटेत हवेचा वेग वाढून धूर वर खेचला जातो. सव्वादोनशे वर्षांनंतरही नवशिक्यासाठी हाच आकार मी सुचवीन, कारण त्याची मापं सोपी आहेत आणि ती पाळली तर धूर सहसा खोलीत येत नाही.

मध्यम आकाराच्या हॉलसाठी ही मापं धरा:

- समोरचं तोंड: 36 इंच रुंद, 30 इंच उंच
- खोली: 12 इंच
- मागची भिंत: 12 इंच रुंद, ओळंब्यात सरळ उभी
- बाजूच्या भिंती: मागच्या भिंतीच्या कडेपासून समोरच्या कडेपर्यंत 45 अंशात उघडत जाणाऱ्या
- गळा, म्हणजे धूर वर जायची अरुंद फट: पुढून मागे 4 इंच, तोंडाच्या वरच्या कडेपासून निदान 12 इंच उंचीवर
- धुराडं: आतून 12 बाय 12 इंच

शेवटचं माप कुठून आलं ते समजून घ्या, म्हणजे तोंड लहान-मोठं केलंत तरी हिशेब जमेल. तोंडाचं क्षेत्रफळ 36 गुणिले 30, म्हणजे 1080 चौरस इंच. चौकोनी धुराड्याचं आतलं क्षेत्रफळ याच्या निदान दहाव्या भागाइतकं लागतं. धुराडं 15 फुटांपेक्षा बुटकं असेल तर आठव्या भागाइतकं, म्हणजे 135 चौरस इंच. एकमजली घरात ते 15 फुटांच्या आतच राहण्याची शक्यता असते, म्हणून 12 बाय 12, म्हणजे 144 धरलं. हा हिशेब न करता मोठं तोंड आणि छोटं धुराडं बांधलं की धूर खोलीत येणारच.

12 इंच खोली पाहून मिस्त्री हमखास म्हणेल, "साहेब, एवढ्यात लाकूड कसं मावणार? दोन फूट तरी आत घेऊ." घेऊ देऊ नका. या आकारात लाकूड आडवं रचत नाहीत. 14-16 इंचांचे तुकडे मागच्या भिंतीला टेकवून उभे लावतात. जाळ उंच, स्वच्छ येतो आणि मागची भिंत लालबुंद तापून शेक पुढे टाकते. मिस्त्रीशी वाद घालत बसण्यापेक्षा प्लायवुडचा साचा कापून द्या: समोर 36, मागे 12, खोली 12. साचा जमिनीवर ठेवला की गुण्या, कोन, माप काही समजावून सांगावं लागत नाही. मिस्त्री साचा उचलत उचलत प्रत्येक थर त्याच्यावर ताडून बघतो.

दगड कोणता

सह्याद्रीच्या वरच्या भागात दोनच दगड मुबलक आहेत, काळा दगड आणि जांभा.

काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, या कामाला उत्तम. तो बारीक कणांचा आणि घट्ट असतो, शिवाय त्यात ग्रॅनाइटसारखी गारगोटी नसते. गारगोटीचे कण 573 अंश सेल्सियसला एकदम फुगतात, म्हणून आगीजवळचा ग्रॅनाइट तडकतो आणि त्याच्या खपल्या उडतात. पण सगळा काळा दगड सारखा नसतो. खाणीत गेलात की काही दगडांत बारीक भोकं दिसतील आणि त्या भोकांत पांढरे, कधी गुलाबीसर स्फटिक बसलेले असतील. पुणे, नाशिक, जळगावकडचे हे स्फटिक संग्राहक हौसेने गोळा करतात. आपल्यासाठी मात्र तो दगड नाकारण्याचं कारण आहे. ते झिओलाइट असतात आणि त्यांच्या रचनेतच पाणी अडकलेलं असतं. क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने 1756 मध्ये असा खडा तापवला तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला होता. शोभेसाठी एखादा दगड वर, आगीपासून लांब लावायला हरकत नाही. तोंडाच्या आसपास नको.

चांगला दगड ओळखायची जुनी रीत आहे ती वाजवून बघायची. सुतकीचा, म्हणजे गवंड्याच्या हातोड्याचा, हलका ठोका मारा. अखंड दगड खणखणीत वाजतो, आत चीर असलेला बद्द वाजतो. बद्द वाजलेला बाजूला काढा.

जांभा ताजा काढलेला असताना मऊ असतो, हवेवर कडक होतो. चिरे आयते चौकोनी मिळतात, त्यामुळे नवशिक्याला बांधायला सोपा. पण तो सच्छिद्र असतो आणि पाणी पितो. घराच्या आत बाहेरच्या अंगाला जांभा चालतो, छपरावरच्या धुराड्याला नको.

नदीतले गोल गोटे दिसायला देखणे असतात, पण आगीजवळ कधीच लावू नका. वर्षानुवर्षं पाण्यात पडलेल्या दगडाच्या चिरांत पाणी शिरलेलं असतं. तापल्यावर त्याची वाफ होते आणि दगड फुटून तुकडा उडतो.

शहाबादी फरशी आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड. स्वयंपाकघरातला कडप्पा उरलाय म्हणून तो आगीखाली घालायचा मोह होतो. त्याच्यावर रोज निखारे पडले तर तो तडकतो, सुटतो. आगीच्या समोर, खोलीच्या बाजूला त्या फरश्या चालतील. आगीखाली अग्निवीटच हवी.

दगड किती लागेल? या मापाला साधारण सव्वा ब्रास मागवा (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). त्यात सपाट बैठकीचे दगड जास्त असावेत असं खाणीवरच सांगा, आणि कोपऱ्यांसाठी दोन तोंडं काटकोनात असलेले वीस-पंचवीस दगड वेगळे निवडून घ्या. कोपऱ्याचे दगड ऐन कामात सापडत नाहीत. मग मिस्त्री बारके तुकडे लावून वेळ मारून नेतो आणि कोपरा कायमचा कमजोर होतो. आणलेले दगड पावसात भिजलेले असतील तर ताडपत्रीखाली, हवा खेळेल असे पसरून सुकू द्या.

पाया

बांधकामाच्या बाहेरच्या मापापेक्षा चारी बाजूंनी 6 इंच मोठा आणि 12 इंच जाड काँक्रीटचा पाया घाला. बाजूच्या दगडी भिंती धरून आपलं बांधकाम साधारण साडेसहा फूट रुंद आणि अडीच फूट खोल होतं, म्हणजे पाया साडेसात बाय साडेतीन फुटांचा. तो कडक मुरमावर किंवा खडकावर बसला पाहिजे. महाबळेश्वरच्या तांबड्या मातीत मुरूम लागेपर्यंत खणा, मग सोलिंग, म्हणजे दगडांचा ठोकून बसवलेला थर, मग सळईची जाळी आणि काँक्रीट. पाया घराच्या पायापासून वेगळा ठेवा. दोन्ही वेगवेगळ्या वेगाने खचले तर भिंतीला भेग पडता कामा नये.

याच वेळी चार कोपऱ्यांत 12 मिलिमीटरच्या चार सळया उभ्या काढून ठेवा. त्या पुढे धुराड्यात वरपर्यंत न्यायच्या आणि दर 18 इंचांवर 6 मिलिमीटरची रिंग बांधायची. साताऱ्याच्या डोंगरात हे टाळता येत नाही. 11 डिसेंबर 1967चा कोयनेचा भूकंप याच जिल्ह्यातला, आणि उंच, सडपातळ, जड धुराडं भूकंपात सगळ्यात आधी कोसळतं. सळयांचं आणि पायाचं डिझाइन तेवढं स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या.

आणखी एक काम आताच करायचं. बाहेरून ताजी हवा आणणारा 4 इंची पाइप पायातून काढून आगीच्या शेजारी उघडा, बाहेरच्या तोंडाला जाळी लावा. खिडक्या घट्ट बंद असलेल्या नव्या घरात आगीला हवा मिळाली नाही तर ती धुराड्यातूनच खाली ओढली जाते, धुरासकट.

आगीची फरशी आणि आतल्या भिंती

पायावर जोतं खोलीच्या फरशीइतकं किंवा फूटभर उंच घ्या. उंच असलं की वाकावं लागत नाही आणि शेक बसलेल्या माणसाला लागतो. वर निदान 4 इंच काँक्रीट आणि त्यावर अग्निविटा. तोंडासमोर 20 इंच आणि दोन्ही बाजूंना 12 इंच एवढी फरशी दगडाची किंवा विटेची हवी, कारण ठिणगी उडते. तिच्याखालीसुद्धा लाकूड नको.

अग्निविटा साधारण 9 बाय साडेचार बाय 3 इंचांच्या मिळतात. पुण्या-मुंबईत भट्टीचं सामान विकणाऱ्यांकडे त्या आणि त्यांचा मसाला, दोन्ही मिळतं. साध्या सिमेंटचा माल आत अजिबात वापरू नका. सिमेंट धरून ठेवणारा चुन्याचा अंश साडेचारशे अंशांच्या आसपास विघटित होतो, मग सांधे भुगा होऊन गळतात. अग्निविटांचा मसाला दह्याइतका पातळ कालवा आणि सांधा दोन सुतांपेक्षा, म्हणजे पाव इंचापेक्षा, जाड ठेवू नका. आपल्या गवंड्यांना अर्ध्या इंचाच्या सांध्याची सवय असते. इथे वीट मसाल्यात बुडवून, बसवून, लाकडी हातोडीने ठोकून घट्ट करायची. जाड सांधा आधी तडकतो.

आधी सगळ्या विटा कोरड्या मांडून बघा. तिरप्या भिंती मागच्या भिंतीला मिळतात तिथे विटा कापाव्या लागतात. त्यासाठी ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावा, तोंडाला मास्क बांधा. मागची आणि बाजूच्या भिंती साडेचार इंच जाडीच्या, सांधमोड पाळून, म्हणजे सांध्यावर सांधा येऊ न देता, गळ्यापर्यंत सरळ वर न्या.

अग्निविटा आणि बाहेरचा दगड यांच्यात अर्ध्या इंचाची जागा सोडा आणि तिथे रॉकवूल किंवा सिरॅमिक वूल भरा. आतली भिंत रोज तापून फुगते, बाहेरची तशीच राहते. दोन्ही एकमेकींना चिकटवल्या तर पहिल्याच हिवाळ्यात दगडाच्या दरजांत, म्हणजे सांध्यांत, उभी भेग दिसेल. दगडी फायरप्लेसला पडलेल्या भेगांचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे, आणि उपाय अर्ध्या इंचाचा आहे.

दगडाचं काम

दगडी भिंत निदान 12 इंच जाड असू द्या. अनघड दगडात त्याहून कमी जाडी नीट साधत नाही. बाजूच्या भिंती 15 इंचांच्या घेतल्या तर काम सोपं होतं.

माल 1 भाग सिमेंट, 1 भाग चुना आणि 6 भाग वाळू असा घ्या. चुन्यामुळे माल मऊ राहतो, दगडाला धरतो आणि बारीक भेगा कमी पडतात. कोरडा, धुळकट दगड मालातलं पाणी ओढतो, म्हणून बसवायच्या आधी ब्रशने झाडून ओलसर करा. निथळत असलेला दगडही नको, तो मालावर घसरतो.

आधी दोन्ही कोपरे उचला, मग दोरी बांधून मधलं भरा. प्रत्येक दगड त्याच्या सपाट बैठकीवर, आडवा बसला पाहिजे. चेहरा छान दिसतो म्हणून पातळ दगड उभा चिकटवला की तो भिंतीचा भाग राहत नाही, नुसता लटकतो. दगड मालाशिवाय ठेवून हाताने हलवून बघा. डुगडुगला तर फिरवा, नाहीतर खालून चीप घाला. डुगडुगणारा दगड मालाच्या जोरावर स्थिर करायचा नाही. सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. मधल्या पोकळीत नुसता माल ओतू नका, तिथेही लहान दगड ठोकून बसवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 30 सप्टेंबर 1993च्या किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादमधली दगडी घरं पडली, तेव्हा जाड भिंती मधोमध उभ्या फाटलेल्या दिसल्या. बाहेरचा दगडाचा पदर एकीकडे, आतला दुसरीकडे. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते आणि माल मातीचा होता. त्यामुळे दर 2 फूट उंचीला आणि आडव्या अंतरात 4 फुटांच्या आत, भिंतीच्या पूर्ण जाडीचा एक दगड हवाच. आपल्या भिंतीत म्हणजे प्रत्येक बाजूला दर 2 फुटांनी निदान एक. 12-15 इंच लांबीचे हे दगड खाणीवरच वेगळे काढून त्यांवर खडूने खूण करा, नाहीतर गवंडी ते फोडून वापरून टाकतो. त्यांचं आतलं टोक अग्निविटांना टेकू देऊ नका, मधली अर्ध्या इंचाची जागा तिथेही राहिली पाहिजे.

एका दिवसात 2 फुटांपेक्षा जास्त उंची चढवू नका. जड दगडांखालचा ओला माल दबतो आणि भिंत पोट काढते. दर दोन थरांनी ओळंबा लावा. संध्याकाळी माल अर्धवट कडक झाला की दरजा इंचभर खोल कोरून ठेवा, सगळं बांधून झाल्यावर एकाच मिश्रणाने भरता येतात. दगडावर पडलेला माल त्याच दिवशी ओल्या गोणपाटाने पुसा. काळ्या दगडावर वाळलेलं सिमेंट नंतर ॲसिडने काढत बसावं लागतं आणि डाग तरीही उरतात.

तोंडावरच्या लिंटेलसाठी, म्हणजे वरचं वजन पेलणाऱ्या आडव्या तुळईसाठी, काळ्या दगडाचा साडेचार फूट लांब, अखंड, घडीव दगड मिळाला तर त्यासारखं दुसरं काही नाही. पाथरवटाला तोंडाचं माप देऊन बनवून घ्या आणि दोन्ही बाजूंना 9 इंच टेकवा. तो नसेल तर साडेतीन इंची लोखंडी अँगल, दोन्हीकडे 4 इंच टेकवून. अँगलच्या टोकांना थोडी मोकळी जागा ठेवा, कारण लोखंड तापून लांबतं आणि घट्ट बसवलेलं असलं तर दगड ढकलतं.

वरची लाकडी फळी सगळ्यांनाच हवी असते. तोंडाच्या कडेपासून 6 इंचांच्या आत लाकूड अजिबात नको. भिंतीतून बाहेर येणारी जाड फळी 12 इंचांच्या वरच लावा. जुन्या वाड्याची सागवानी तुळई सापडली तर ती दगडावर फार सुरेख दिसते, पण तिलाही हाच नियम.

गळा, वरचं नरसाळं आणि धुराडं

लिंटेलच्या मागचा भाग वर जाताना मागे सरकत 4 इंचांच्या फटीपर्यंत यायला हवा, आणि तो गोलसर, गुळगुळीत हवा. तिथे कडा राहिली की धूर अडखळतो. हा भाग उष्णता सोसणाऱ्या सिमेंटमध्ये साचा करून ओतला तर सगळ्यात चांगला होतो. गळ्याशी लोखंडी झडप बसवा. आग नसेल तेव्हा ती बंद ठेवली की घरातली ऊब आणि पावसाळ्यात बाहेरची दमट हवा, दोन्ही अडतात.

गळ्याच्या वर नरसाळ्यासारखा निमुळता होत जाणारा भाग येतो. रुंद गळ्यापासून 12 बाय 12च्या धुराड्यापर्यंत तो दोन्ही बाजूंनी सारखा, सावकाश निमुळता करा. निदान दीड फूट उंची घ्या आणि उभ्या रेषेपासून 45 अंशांपेक्षा जास्त तिरपा करू नका. आतून त्याच मसाल्याचा हात फिरवून गुळगुळीत करा. विटांच्या पायऱ्या तशाच ठेवल्या तर त्यांवर काजळी साठते.

धुराडं पूर्ण दगडात बांधू नका. आत अग्निविटांचं किंवा स्टेनलेस स्टीलच्या पाइपचं अस्तर, त्याबाहेर साध्या भाजक्या विटा, त्यांत मघाच्या सळया काँक्रीटने धरलेल्या, आणि सगळ्यांत बाहेर दगड, अशी रचना ठेवा. अस्तराचा सांधा एकही मोकळा राहता कामा नये. वासे, रिपा, फॉल्स सीलिंगचं लाकूड, काहीही धुराड्याला चिकटू देऊ नका. सगळीकडून 2 इंच मोकळं, आगीच्या कोनाड्याच्या मागच्या बाजूला 4 इंच. छताचं लाकूड रोजच्या उष्णतेने वर्षानुवर्षं वाळत जातं आणि एखाद्या रात्री पेट घेतं, म्हणून ही फट कापूस, थर्माकोल, लाकडाच्या पट्ट्या यांनी बुजवू नका.

उंचीचा नियम असा: छपरातून बाहेर पडते तिथून निदान 3 फूट वर, आणि आसपास 10 फुटांच्या आत जे काही उंच असेल, आढं, टाकी, शेजारची भिंत, त्यापेक्षा 2 फूट वर. यापेक्षा बुटकं ठेवलं तर वारा आढ्यावरून खाली कोसळतो आणि धूर परत घरात ढकलतो.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही आडवा. त्यामुळे इथे धुराड्याची टोपी हा चैनीचा भाग नाही. माथ्यावर सगळीकडे उताराचं काँक्रीट घाला, कडा दोन इंच बाहेर काढा आणि तिच्या खालच्या बाजूने खाच ठेवा, म्हणजे पाणी दगडावरून ओघळत न येता तिथेच तुटेल. वर चार पायांवर दगडी किंवा स्टीलची टोपी, धुराड्याच्या रुंदीपेक्षा मोठी, मधल्या उघड्या भागाला जाळी. जाळी नसेल तर कबुतरं घरटं करतात. छपराला मिळतो तिथे ॲल्युमिनियमचा पत्रा धुराड्याच्या दरजेत खोचून कौलांखाली न्या. नुसत्या सिमेंटने भरलेला सांधा पहिल्या पावसात गळतो.

सुकू देणं आणि पहिला जाळ

दगडी कामावर निदान 10 दिवस पाणी मारा. आतल्या अग्निविटांवर नको. त्यानंतर महिनाभर काहीही पेटवू नका. बांधकामात अडकलेलं पाणी हळूहळू बाहेर पडायला हवं. पहिल्याच दिवशी मोठा जाळ केला तर त्याची वाफ होऊन सांधे उकलतात.

पेटवण्याआधी एक उदबत्ती घेऊन झडप उघडा आणि ती तोंडाच्या वरच्या कडेखाली धरा. धूर सरळ आत, वर गेला तर ओढ आहे. बाहेर आला तर खिडकी थोडी उघडून बघा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू असेल तर बंद करा. थंड धुराड्यात गार हवेचा खांब अडकलेला असतो. वर्तमानपत्राची सुरळी पेटवून गळ्याशी मिनिटभर धरली की तो सरकतो आणि ओढ सुरू होते. हे सगळं करूनही धूर येतच असेल तर तोंडाच्या वरच्या भागावर 3-4 इंचांची पत्र्याची पट्टी धरून बघा. त्याने धूर थांबला तर तोंड थोडं जास्त उंच झालंय. तेवढीच पट्टी कायमची लावून टाका, काही तोडायची गरज नाही.

पहिल्या दिवशी मूठभर काटक्या, अर्धा तास. मग दर दिवशी थोडं वाढवत आठवड्याने पूर्ण जाळ.

लाकूड वाळलेलंच हवं. बाभूळ आणि जांभूळ चांगली, त्यांचे निखारे बराच वेळ टिकतात. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणक आवाज आला आणि टोकाला चिरा पडलेल्या असल्या तर लाकूड वाळलंय. या भागातल्या पावसाळ्यात उघड्यावर रचलेली मोळी कधीच वाळत नाही. पत्र्याखाली, जमिनीपासून वर, बाजूंनी हवा खेळेल अशी रचा आणि या हिवाळ्यात घेतलेलं लाकूड पुढच्या हिवाळ्यात जाळा. ओल्या लाकडाचा धूर धुराड्यात डांबरासारखा थर धरतो आणि पुढे तोच थर पेटतो. रंगवलेलं लाकूड, प्लायवुड, प्लॅस्टिक आत टाकू नका. लाकूड वखारीतून घ्या. राज्यात झाडतोडीवर 1964चा कायदा लागू आहे.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या हिवाळ्यात वाचायला मिळतात. फायरप्लेसला धुराडं असलं तरी निखारे धगधगत असताना झडप बंद केली तर तोच वायू घरात साठतो. राख पूर्ण गार होईपर्यंत झडप उघडीच ठेवा आणि हॉलमध्ये व झोपायच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. लहान मुलं असतील तर तोंडासमोर लोखंडी जाळीचा पडदा हवाच.

दर वर्षी दिवाळीच्या आधी धुराडं वरून लांब दांड्याच्या तारेच्या ब्रशने घासून घ्या. आतला थर एका सुताइतका जाड झाला असेल तर मधल्या काळातही साफ करा. टोपीची जाळी आणि माथ्याच्या काँक्रीटमधल्या भेगा त्याच वेळी तपासा, भेग दिसली तर पुढच्या पावसाआधी भरा. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढा आणि डबा घराबाहेर, लाकडांपासून लांब ठेवा. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. पूर्ण गार झालेली राख झाडांच्या मुळाशी थोडी थोडी टाकता येते.